दुसऱ्यांदा येणारे देवी डॉक्टर

माणसाचं तोंड बघण्याआधी दंड बघणारा गृहस्थ साऱ्या सातारा जिल्ह्यात एकच होता, आणि नेमका तोच माझ्या वाट्याला सासरा म्हणून आला. मुलगी पाहायला आम्ही लोणंदला गेलो होतो. पोहे आले, मुलगी आली, माझ्या वडिलांनी तिला नाव विचारलं, तिने ते सांगितलं. इथवर सगळं चारचौघांसारखं झालं. मग मुलीचे वडील माझ्याशेजारी येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "कोट काढता का जरा?" मी हबकलोच. त्यांनी माझी बाही खांद्यापर्यंत वर सारली, लहानपणी टोचल्याचे वण बोटाने चाचपले आणि माझ्या आईला विचारलं, "टोचल्यावर ताप किती दिवस होता?" आई इतकी गडबडली की तिने खरंच उत्तर दिलं, "तीन दिवस. काखेत अवधाणाची गाठही आली होती." "अस्सं!" म्हणत त्यांनी खिशातून वही काढली आणि वीस-बावीस वर्षांपूर्वीचा माझा ताप लिहून घेतला. परतताना वाठार स्टेशन येईपर्यंत वडील गाडीत माझ्या दंडाकडेच बघत होते. मुलगी मात्र मला पसंत पडली होती, त्यामुळे पुढचे सगळे धक्के मी आपण होऊन पत्करले असं म्हणायला हरकत नाही.

मामा, म्हणजे माझे सासरे, सरकारी देवी डॉक्टर होते. डॉक्टर ही पदवी लोकांनी दिलेली. काम इतकंच, की हिवाळ्यात गावोगाव फिरून पोरांना देवीची लस टोचायची आणि आठव्या दिवशी जाऊन फोड उठला की नाही ते बघायचं. उठला तर 'उठला' लिहायचं, नाही तर 'नाही'. एवढ्यावर बाकीच्यांची नोकरी सुखाने चाले. मामा तिसऱ्या दिवशीही जात आणि पंधराव्याही. ताप किती, सूज कुठवर, पोर दूध पितं का, आणि रडतं तर कसं रडतं? तेवढ्यावर न थांबता ते आईला तसं रडून दाखवायला लावत. बाकीचे देवी डॉक्टर पोरांना टोचत, मामा पोरांच्या आयांना. त्यांची सायकल ओढ्यापलीकडे दिसली की बायका शेताकडे पळत. "आवं, टोचून गेला न्हवं? आता काय न्यायला आलाय?" असं एकीने माझ्यादेखत त्यांना विचारलं होतं. दुसरी म्हणाली, "पोरगं लय झ्याक हाय. म्हशीला ताप हाय, तिचं लिवा की!" मामांनी लिहिलं: 'म्हैस, ताप. लसीशी संबंध नाही.' माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात भरपंगतीत, श्रीखंड वाढत असताना, त्यांना समोरच्या रांगेत एक ओळखीच्या बाई दिसल्या. त्यांनी तिथूनच खणखणीत आवाजात विचारलं, "तुमच्या धाकट्याचा तो फोड चिघळला होता, त्यातून पुढे काय आलं?" तिघांनी पाटावरून उठून हात धुतले. सासूबाई म्हणायच्या, "यांना स्वतःची मुलं कितवीत आहेत ते सांगता येत नाही, पण जगाच्या पोरांचे फोड तोंडपाठ!"

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. नाताळच्या सुट्टीत मला शाळेत शिकवायचं काम नव्हतं, तेव्हा मामांबरोबर मी पूर्वेकडच्या एका धनगरवाडीवर गेलो. टोचून तीन दिवस झाले होते. वाडीत शिरतानाच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. कुणी पळालं नाही. बायका पोरं कडेवर घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या आणि बाप्ये काठ्या घेऊन अंगणात. सहा पोरं तापाने फणफणली होती. हौसाबाई नावाच्या बाईच्या सगुणाचा हात कोपरापर्यंत सुजून लाल झाला होता, आणि चार वर्षांची ती पोर रडतही नव्हती. आमच्यामागोमाग मामांचे वरचे साहेबही घोड्यावरून तपासणीला तिथे पोचले. त्यांनी एक नजर टाकली आणि मामांना बाजूला घेऊन म्हणाले, "बायकांनी शेण लावलं असं लिहा. लावतातच त्या."

मामांनी नकारार्थी मान हलवली आणि घरोघर जाऊन विचारलं, कुणी काय लावलं? एका घरी चुलीतली राख लावली होती, बाकीच्यांनी काहीच नाही. मग त्यांनी वही उघडली आणि टोचलेल्या क्रमाने नावं वाचायला सुरुवात केली. पहिली बारा पोरं ठणठणीत. तेराव्या नावावर त्यांचं बोट थांबलं. तिथून पुढची सहाच्या सहा आजारी. मामांनी वही मिटली. "जावईबापू," ते मला म्हणाले, "बाराव्यानंतर दिव्यातलं स्पिरिट संपलं होतं. दिवा विझला. टोचणी तापवायची सोडून मी ती फडक्याने पुसली. म्हटलं, सहाच तर उरलीत."

मी म्हणालो, "मामा, हळू बोला." ते हळू बोलले नाहीत. अंगणाच्या मधोमध जाऊन त्यांनी टोपी काढली, हात जोडले आणि काठ्या घेतलेल्या त्या माणसांना सांगितलं, "यात देवीचा कोप नाही आणि तुमचाही काही दोष नाही. माझी टोचणी घाण होती. चूक माझी आहे." मी सर्द झालो. सरकारी माणूस धनगराच्या अंगणात असं बोलल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. साहेब तर घोड्यापर्यंत मागे सरकले. आता पहिली काठी कोण उगारतो एवढंच मी बघत होतो. शेवटी हौसाबाईच बोलली. "मंग आता काय करायचं त्ये सांगा. उगं हात जोडून हुबं ऱ्हाऊ नगा."

दोन बैलगाड्या जुंपून सहाही पोरं दवाखान्यात नेली. सबंध वाटेत सगुणाचा तापलेला हात मामांच्या मांडीवर होता. पाच पोरं आठवड्यात बरी झाली. सगुणाचं काही खरं नाही असं डॉक्टर दोनदा म्हणाले. पोर वाचली, पण तिचं कोपर पुढे कधी पुरतं सरळ झालं नाही. मामांनी स्वतःविरुद्ध तीन पानी अहवाल लिहिला. साहेबांनी तो फाडला. मामांनी दुसरा लिहून थेट वर धाडला. बढती गेली, बदली झाली ती पार जतच्या हद्दीलगत. तिथून त्यांचं मला पत्र आलं, 'कानडीतही तापाला ज्वरच म्हणतात. काम सोपे आहे.'

पुढच्या हिवाळ्यात वाडीच्या आसपास देवीची साथ आली. नवा देवी डॉक्टर गेला, तर बायका पोरांना घेऊन माळावर निघून गेल्या. साहेबांनी दम दिला, पाटलाने समजावलं, काही उपयोग नाही. हौसाबाईने निरोप धाडला, "आमचा आना. चुकला तर सांगतो त्यो." साहेबांना पत्र लिहून मामांना बोलवावं लागलं. सासूबाईंच्या आग्रहावरून मी त्यांच्याबरोबर गेलो.

या खेपेला स्पिरिटच्या दोन बाटल्या होत्या. हौसाबाई सगळ्यांच्या पुढे येऊन बसली. मांडीवर दोन महिन्यांचं तान्हं, मागे पदराला धरून सगुणा. मामांनी टोचणी तापवली, गार केली, पुन्हा तापवली. तिसऱ्यांदा ती दिव्यावर धरली आणि मग तिथून काढायला तयार होईनात. मला वाटलं, या माणसाच्याने आता हे होणार नाही. हौसाबाईने तान्ह्याचा दंड उघडा करून पुढे धरला. "टोचा आवं," ती म्हणाली. "काय झालं तर तुमी येनारच हाय की."

मामांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्यावर हसण्याजोगं आमच्या घरात इतकं आहे की अजून संपत नाही. पण मी एकटा असलो की मला त्या खेपेचा आठवा दिवस आठवतो. तान्ह्याच्या दंडावर स्वच्छ, गोल, मोत्यासारखा फोड उठला होता. मामांनी तो नीट पाहिला. ताप विचारला नाही, सूज विचारली नाही. उठले आणि मेंढवाड्याच्या कुंपणापाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. हौसाबाई माझ्याकडे बघत म्हणाली, "आज काय इचारीत कसं न्हाईत?"

मी मामांची खाली राहिलेली वही उचलली आणि तान्ह्याच्या नावापुढे लिहिलं, 'उठला'.