दुसरी सीडी

नगरजवळच्या केडगावातल्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आम्ही पन्नाशीकडं झुकलेले तिघं-चौघं रविवारी जमतो आणि जुन्या गेमच्या गप्पा मारतो. दुकानाचे मालक बोलता बोलता सीडी पुसत असतात. जुन्या बनियनचा तुकडा, मधून कडेकडं सरळ, गोल कधीच नाही. "गोल पुसली का मेली," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

दीपगृहाचा गेम आम्हा सगळ्यांना त्यांनीच कॉपी करून दिला होता. गेम दोन सीड्यांचा, पण नगरात पहिलीच आली. शेवटचं दार उघडलं की 'दुसरी सीडी टाका' असं यायचं आणि आम्ही तिथंच अडकायचो. पुढचं फक्त त्यांनी पाहिलेलं, पुण्याच्या मित्राकडं. सांगताना ते खुर्चीच्या टोकावर येतात. "दारामागं गेममधल्या हिरोचा बाप बसल्याला हाय. म्हनतो, लई उशीर केलास."

मागच्या रविवारी मी दुसरी सीडी घेऊन गेलो. जुन्या बाजारात सापडली होती. वाटलं, खूश होतील.

त्यांनी ती हातात घेतली. ते पुसायला लागले, गोल गोल. मग ड्राइव्हमध्ये न घालताच म्हणाले, "खराब झालीया ही. न्हाई चालनार."

सीडीवर एक ओरखडा नव्हता. सगळे माझ्याकडं बघत होते.

"असेल," म्हणत मी ती पिशवीत टाकली. "तुम्हीच सांगा, दार उघडल्यावर काय होतं?"

त्यांनी सांगितलं. पण पहिल्यांदाच माझ्याकडं न बघता.