अडतीस ब्लाउज झाल्यावर ताबा

बँकेच्या लिलावातलं घर घ्यायचं ठरलं त्या दिवशी मी वहीत सतरा कामं लिहून काढली. कारण एकच होतं : आई.

भंडाऱ्यात आम्ही भाड्याने राहायचो ते वरच्या मजल्यावर. एकोणीस पायऱ्या, त्याही उंच. आईचे दोन्ही गुडघे गेलेले. सपाट जमिनीवर ती काठी टेकत हळूहळू चालायची, जिना मात्र जमत नव्हता. दोन वर्षांत ती तीनदाच खाली उतरली. तिन्ही वेळा दवाखान्यासाठी, खुर्चीत बसवून, दोघांनी उचलून. तिसऱ्या वेळी तिने सांगून टाकलं, "आता मले नवरीसारखं मिरवू नोका. खाली घर भेटन तवाच उतरीन."

लिलावातलं घर बैठं होतं. पुढे अंगण, दाराला एकच पायरी. आधीचा मालक दुकान बुडाल्यावर नागपूरला निघून गेला होता. आमची बोली लागली, रक्कम भरली, विक्रीचा दाखला हातात आला. पाच आठवड्यांत नऊ कामांवर खुणा झाल्या. दहावं काम होतं ताबा, आणि तिथे गाडी अडकली.

समोरच्या खोलीत जुन्या मालकाची भाडेकरू होती, ब्लाउज शिवणारी बाई. ती खोली सोडत नव्हती. ती निघेपर्यंत बँक घर देऊ शकत नव्हती आणि तिला काढायला जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश लागणार होता. दर सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी कॉलेजच्या ऑफिसातून बँकेत जायचे आणि मिळालेलं उत्तर तारखेसह लिहून आणायचे. 'फाईल वर गेली आहे.' 'फाईल खाली आली आहे.' 'एका पानावर शिक्का राहिला.' 'तहसीलचे सगळे निवडणुकीच्या कामाला आहेत.' मग साहेबांचीच बदली झाली. नवीन साहेबांनी माझ्याकडे प्रसन्नपणे पाहून विचारलं, "हं मॅडम, काय विषय आहे?"

आई रोज विचारायची, "आलं का तुह्यं घर?"

"येतंय, आई."

"घर येऊन राह्यलं? अरे बापा! मले वाटलं आपुनच जाणार हाओत."

पाच महिने असे गेले. यात माझी एक चूक होती, ती कबूल करते. त्या बाईशी मी एक शब्द बोलले नव्हते. 'तुम्ही मध्ये पडू नका' असं बँकेने सांगितलं आणि मी ते नियमासारखं पाळलं. माझ्या वहीत ती 'अडचण क्रमांक एक' होती.

एका शनिवारी दाराची रुंदी मोजायला म्हणून गेले. आतून मशीनचा आवाज थांबला.

"नाप द्याचं हाये का, ताई?"

"नाही. हे घर मी घेतलं आहे."

तिने डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सरकवला. माझ्याच वयाची असेल. "बसा मंग," ती म्हणाली. "मले वाटलं पोलीस घेऊन यान. तुमी तं टेप घेऊन आल्या."

मी सरळच विचारलं, "तुम्ही खोली का सोडत नाही?"

"मी कायले राहीन इथं? कोपऱ्यावरची खोली ठरवून दोन महिने झाले." तिने मागचं कपाट उघडलं. रंगीत ब्लाउजांच्या चवडी होत्या. "अडतीस हायेत. शिवून झाले, तुरपाई अन् हूक बाकी. ते काम सून करे, ती बाळंतपणाले माहेरी गेली. माह्या डोळ्याले बारीक टाका दिसत नाई. अर्धवट काम घेऊन दुकान हलवलं का बाया कापड वापस मांगतेत. मागच्या खेपेले तेच झालं. अन् हे लग्नाचे दिवस."

"बँकेत हे सांगितलं का?"

"नव्या साहेबाले सांगतलं ना! त्यायच्या मिसेसचे चार याच्यातच हायेत. ते म्हणते, बाई, बाकीचं नंतर पाहू, आधी ते चार द्या."

मला हसू आवरेना. तीही हसायला लागली. मग मी वही काढली आणि अडतीस ब्लाउज मोजून लिहिले. तुरपाई करणारं माणूस माझ्या घरीच होतं. लग्नाआधी आईने माहेरी, अर्ध्या सानगडी गावाचे ब्लाउज तुरपले होते. मोतीबिंदू काढल्यापासून तिची नजर माझ्यापेक्षा बरी. बसले होते ते गुडघे, बोटं नव्हे.

आईला विचारलं तर ती म्हणाली, "इचारून काय राहिली? आण."

मी ऑटोने आठ-आठ ब्लाउज न्यायला-आणायला लागले. प्रत्येकाला चिठ्ठी टाचलेली : 'डेपोवाली', 'नर्सबाई', 'पवनीची नवरी'. आई खिडकीशी बसून एकेक हातात घेई आणि गावाची हजेरी घेई. "हे कोनाचं वो? याच्यात तं दोघी बसतीन." नवरीच्या ब्लाउजला तिने शेवटी एक जास्तीचा हूक लावला. "लग्नात लय जेवते मानूस," म्हणाली.

तिसऱ्या खेपेनंतर ती शिवणारी बाई स्वतःच एकोणीस पायऱ्या चढून धापा टाकत आली.

"आजी, हूक लय जवळजवळ लावून राहिल्या तुमी."

"अन् तू बाही कशी लावली ते पाह्य आधी. मंग बोल."

दोघींनी बाही उसवली, पुन्हा लावली, दोनदा चहा घेतला. दोन वर्षांत आईकडे कोणी इतका वेळ बसलं नव्हतं. पुढच्या खेपा मला कराव्याच लागल्या नाहीत, तीच यायची.

साहेबांच्या घरचे चार ब्लाउज आईने मुद्दाम तळाशी ठेवले. "आपुन पाच महिने थांबलो. त्यायले बारा दिस थांबू दे."

बाराव्या दिवशी ते चारही झाले. बाईने मशीन कोपऱ्यावरच्या खोलीत हलवली आणि खोली राजीखुशीने सोडल्याचं लेखी बँकेला दिलं. तीन दिवसांत पंचनामा होऊन किल्ली माझ्या हातात आली. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आम्ही राहायला गेल्यावर दीड महिन्याने आला. तो मी फाईलला लावून ठेवला.

आई चौथ्यांदा खुर्चीत बसून खाली उतरली. नव्या घराच्या फाटकाशी मात्र तिने खुर्ची थांबवली. "बस. इथून मी चालते." अंगण ओलांडायला तिला सात-आठ मिनिटं लागली. आम्ही सगळे मागे उभे राहिलो, कोणी हात दिला नाही. आत त्रिशरण-पंचशील झालं, खीर झाली.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर आईची खाट रिकामी. काठीही नाही. परसात पाहिलं, शेजारी विचारलं, आणि घाबरतच कोपऱ्याकडे धावले. आई शिवणाऱ्या बाईच्या दुकानात, स्टुलावर, मांडीवर हिरवा ब्लाउज.

"कोणासोबत आलीस?"

"सोबत कायले पायजे? पायानं आली."

मशीनवरची बाई मान खाली घालून हसत होती. मी ऑटो बोलावते म्हटलं तर आईने सुईसकट हात हलवला. "तू जाय घरी. माहे दोन राहिलेत. मंग येते मी, सावकाश."

मी घरी आले. दार उघडंच ठेवलं आणि कणीक भिजवायला घेतली.