थेंबवाली

"अं? मले म्हटलं का, सर?"

हजेरीत तिचं नाव दुसऱ्यांदा पुकारलं की हे उत्तर यायचं. मान खिडकीकडे, डोळे अर्धवट मिटलेले, चेहऱ्यावर नुकतं झोपेतून उठल्यासारखं हसू. वर्ग खो-खो हसायचा आणि जरा वेळानं तीही हसायची, जणू गंमत दुसऱ्याच कुणाची चालली होती. तुमच्याही वर्गात अशी एक मुलगी असणारच. तिला स्वप्नाळू म्हटलं की आपण मोकळे होतो.

सत्तरीचं दशक सरत आलं होतं. मी वर्ध्याच्या एका कॉलेजात शिकवत होतो आणि ती देवळीकडच्या एका खेड्यातून बसनं यायची. विद्यापीठाच्या धावण्याच्या शर्यतीत ती पहिली आली, तीही अनवाणी. मी कौतुक करायला गेलो तर म्हणाली, "त्यात काय सर, मले त रोज बसच्या मागं पळा लागते."

बी.ए. झाल्यावर तिला नागपूरला पुढं शिकायचं होतं. वडिलांचं म्हणणं साधं होतं : शिष्यवृत्ती मिळाली तर जा, नाहीतर यंदा लग्न. विद्यापीठाची एक शिष्यवृत्ती होती, नुसत्या गुणांवर न मिळणारी. मुलानं स्वतः काय मिळवलं आणि गावासाठी काय केलं, दोन्ही बघायचे. शर्यतीचा कप होताच.

"आणि गावासाठी काय केलंस?" मी विचारलं.

तिची मान पुन्हा खिडकीकडे वळली. "काई नाई सर. सकाळी बुढ्या लोकायच्या डोळ्यात औषध टाकते, तेवढंच."

तरी मी तिचं नाव पाठवलं. चौकशीला विद्यापीठातून एक साहेब आले, त्यांच्याबरोबर मीही गेलो. फाल्गुन होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पळस फुललेला, उन्हाला अजून धार आली नव्हती आणि शेतांवर विरळ धुकं रेंगाळत होतं. जीपमध्ये बसल्या-बसल्या मलाच पेंग येत होती.

गावात शिरलो तर ओट्याओट्यांवर म्हातारी माणसं बसलेली. डोळ्यांच्या शिबिरात त्यांचे मोतीबिंदू काढले होते. प्रत्येकाच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी. "थेंबवाली आली," कुणीतरी म्हणालं. ती हातात बाटली घेऊन या ओट्यावरून त्या ओट्यावर जात होती. पट्टी अलगद उचलायची आणि म्हणायची, "वर पाह्य माय, आभाळात पाह्य." सगळी तोंडं वर. थेंब पडेपर्यंत कुणी बोलत नव्हतं. आमचे साहेबही नकळत आभाळाकडे बघू लागले. अंधारात उठून घरचं आवरायचं, मग हे, मग बस. वर्गातल्या त्या पेंगुळलेल्या हसण्याचा उलगडा मला तिथं झाला.

साहेबांनी एका म्हातारीला विचारलं, "आजी, ही मुलगी गावाची सेवा करते ना?"

"सेवा?" म्हातारी बुचकळ्यात पडली. "नाई बा. सेवावाले पांढऱ्या कपड्यात येतात, तुमच्यासारखे जीपगाडीनं. भाषण देतात न् जातात. हे त आमची पोरगी होय. घरच्या पोरीनं केलं त त्याले कोणी सेवा म्हणते का?"

आजूबाजूच्या ओट्यांवरूनही माना डोलल्या. आमच्या जिल्ह्यानं सेवा करायला आलेली माणसं इतकी पाहिली आहेत की सेवा ही बाहेरून येणारी वस्तू, हे लोकांच्या मनात पक्कं बसलंय. साहेब हळूच मला म्हणाले, "गावच नाही म्हणतंय, मी काय लिहू?" मला भयंकर राग आला. नक्की कुणाचा, ते कळेना. आणि ही मुलगी बाटली हातात घेऊन पळसाकडे बघत उभी! स्वतःसाठी एक शब्द काढील तर शपथ.

शेवटी मी म्हातारीजवळ बसलो आणि सगळं समजावून सांगितलं. तुम्ही सेवा म्हटलं तर पोरगी नागपूरला शिकायला जाईल, नाहीतर नाही.

"पोरगी जाईन म्हणजे? गावातून?"

"हो, आजी."

म्हातारीच्या एका डोळ्यावर पट्टी होती. दुसऱ्याचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं. चाचपडत तिनं मुलीचा हात शोधला आणि धरून ठेवला.

"लिवा साहेब," ती म्हणाली. "लय सेवा केली म्हणून लिवा. आन् आता आमाले गरज नाई, हे बी लिवा."

"मी नाई जात, माय."

"काऊन नाई जात? जाजो गुमान."

शिष्यवृत्ती मिळाली. जूनमध्ये ती नागपूरला गेली. माझ्या हजेरीत तिच्या नावाच्या जागी दुसरं नाव आलं, आणि ते पहिल्याच हाकेला ओ देई. मला काही ते रुचलं नाही.

पोळ्याच्या सुमारास कामानिमित्त त्या गावावरून जाताना मी म्हातारीकडे डोकावलो. तिला जाड भिंगांचा चष्मा मिळाला होता. चष्म्याविना सगळं धूसर, आणि तो येता येता पावसाळा लागला होता. ती नवलाईनं सगळं न्याहाळत होती : सजवलेले बैल, कौलांवरचं गवत, माझे पांढरे होऊ लागलेले केस.

"पोरगी इवलीशी होती, तवा पाह्यली होती मी तिले," ती म्हणाली. "मग डोळेच गेले. नुसता तिचा हात ठाऊक." चष्मा सारखा करत तिनं गावाबाहेरच्या रस्त्याकडे पाहिलं. "आता सारं दिसते, मास्तर. तेवढी ते पोरगीच दिसत नाई."