बाबुनाचा दुसरा चमचा

झोप लागावी म्हणून मुलीनं कॅमोमाइलचा चहा दिला. वाफेतून उकडलेल्या सफरचंदासारखा वास आला आणि मी तो लगेच ओळखला. हा तर बाबुना.

कोलकात्याच्या विमानतळाजवळच्या याच डमडमच्या घरात ही दोन महिन्यांची होती. पोट दुखून रडायची, जरा डोळा लागला की विमानाच्या आवाजानं दचकून उठायची. माझी आई पुण्यात, घुटी उगाळायला कुणी नाही. शेजारच्या बंगाली मासिमांनी बाबुनाची वाळकी फुलं उकळून पाणी दिलं. "एकच चमचा पाज." मी पाजला. रडं थांबेना, म्हणून आणखी एक पाजला.

दुपारी विमान घरावरून गेलं, खिडकीच्या काचा थरथरल्या, पण ही हलली नाही. दुसरं गेलं, तरी नाही. तो दुसरा चमचा आठवला. नाकाशी बोट धरलं, पण ते इतकं कापत होतं की श्वास कळेना. शेवटी तिच्या तोंडाशी गाल नेला, तेव्हा ऊब लागली.

आज चहा पिऊन मी डोळे मिटून पडले. वरून विमान गेलं. मी हलले नाही.

थोड्या वेळानं माझ्या नाकाशी एक बोट आलं. तेही कापत होतं.