अक्काचं लहान जहाज राहून गेलं

जळगाव स्टेशनवरून गाडी हलली तशी अक्काने खिडकीतून हात जोडले. फलाटावर आमच्या ओळखीचं कोणीच नव्हतं. "कोणाला नमस्कार केलास गं?" मी विचारलं, तर म्हणाली, "गावले." (गावाला.) वय बाहत्तर, जन्म चोपड्याचा, सारा संसार भडगावला गिरणेच्या काठी, आणि समुद्र अजून एकदाही पाहिलेला नाही. मांडीवर कापडी पिशवी. तिच्यात दशम्या (दुधात भिजवलेल्या पिठाच्या, प्रवासात टिकणाऱ्या भाकरी) आणि शेंगदाण्याची चटणी.

मी तिचा धाकटा भाऊ. धुळ्याला पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. नद्यांचे आणि कालव्यांचे नकाशे काढण्यात नोकरी गेली. हे मुद्दाम सांगतोय, कारण या प्रवासात माझ्या त्या ज्ञानाचा काडीचाही उपयोग झाला नाही.

भाऊजींना, म्हणजे आमच्या नानांना, जाऊन दोन वर्षं झाली होती. अक्का तेव्हापासून घराबाहेर फारशी पडलीच नव्हती. तिला समुद्र दाखवायचा, तोही जहाजातून, असं मी ठरवलं आणि तिला घेऊन जळगावच्या एका प्रवास कंपनीत गेलो. तिथल्या बाईंनी टेबलावर दोन रंगीत पत्रकं ठेवली. एक जहाज नवंकोरं, अकरा मजली, मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणारं. दुसरं लहान आणि बरंच जुनं. ते सुरतेजवळ हजिऱ्याहून निघायचं आणि दीवला जायचं.

"खरं सांगू का काका," त्या बाई म्हणाल्या, "जुन्यात इंजिनाचा आवाज येतो, खोल्या अडचणीच्या आहेत. पण सगळे उघड्या डेकवर बसतात, पाणी अगदी जवळ दिसतं. मोठ्यात म्हणाल ते आहे. लिफ्ट, नाटकगृह, तीन-तीन जेवणघरं."

अक्काने दोन्ही पत्रकं हातात घेऊन पाहिली. लहान जहाजाच्या पत्रकावरचा छोटा नकाशा तिने बराच वेळ न्याहाळला. मग म्हणाली, "भाऊ, माले हाई ल्हानंच बरं वाटस." (मला हे लहानच बरं वाटतं.)

मी हसलो. म्हटलं, अगं, एकदाच जायचंय तर चांगल्यात जाऊ. जुनं धूड मधेच बंद पडलं तर काय पोहत येणार आहेस? तिच्या काळजीपोटी बोललो हे खरं. पण धुळ्याच्या आमच्या निवृत्तांच्या ग्रुपवर अकरा मजली जहाजाचे फोटो टाकायचे, हेही डोक्यात होतंच. अक्काने पत्रक टेबलावर ठेवलं. "तुले जे बरं वाटी ते कर," एवढंच म्हणाली. मी त्याला होकार समजलो.

मुंबईच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा दुपार होती. समोर जहाज नव्हे, पांढरी भिंतच उभी होती. मान मागे टाकावी तरी तिचा शेवट दिसेना. अक्काने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "भाऊ, समुद्र कोठे शे?" (समुद्र कुठे आहे?)

"या जहाजाच्या पलीकडे," मी म्हणालो.

सामानाच्या तपासणीत बाहेरचं खाणं चालत नाही असं सांगून दशम्यांचा डबा काढून घेतला. अक्का त्या मुलीला समजावू लागली, "बेटा, हाई घरनंच शे." मुलगी नम्रपणे हसली आणि डबा बाजूला ठेवला. मी घाईघाईने अक्काचा दंड धरून तिला पुढे नेलं. मागे रांग खोळंबली होती.

आमची खोली सहाव्या मजल्यावर होती. पलंग मऊ, न्हाणीघर चकचकीत, पण खिडकी नव्हती. पडदा दिसला म्हणून अक्काने तो सरकवला, तर मागे भिंत. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि भिंतीकडे बघत राहिली. "आपण चालू झालो का रे?" तिने विचारलं. मलाही सांगता येईना. जहाज निघालं हे आम्हाला भिंतीवरच्या टीव्हीवर कळलं.

संध्याकाळी तिला सगळ्यात वर घेऊन गेलो. पोहण्याच्या तलावाभोवती पोरंटोरं उड्या मारत होती, गाणी कानठळ्या बसवत होती. कडेला छातीइतक्या उंच काचा. अक्काने काचेला नाक लावलं. समुद्र खूप खाली होता, टेकडीवरून खालचं शेत दिसावं तसा. लाटेचा आवाज नाही, पाण्याचा वास नाही. "बरा शे," ती म्हणाली. मी तिचा फोटो काढला. ग्रुपवर टाकला. चाळीस जणांनी हात जोडले, अंगठे दाखवले.

जेवणघरात खाण्याच्या ताटांची जत्रा भरली होती. मी वाढून घेत सुटलो. अक्काने दही-भात घेतला आणि लोणच्याची फोड शोधत दोन चकरा मारल्या. माझं जेवण चालू असतानाच ती एकटी खोलीकडे निघाली आणि लिफ्टमधून चुकीच्या मजल्यावर उतरली. सगळे मजले सारखे, सगळी दारं सारखी. अर्ध्या तासाने ती मला नाटकगृहाबाहेरच्या खुर्चीत सापडली, पदर घट्ट धरून बसलेली. रागावली नाही. नुसती म्हणाली, "भाऊ, मी आते खोलीमाच बसस." (मी आता खोलीतच बसते.)

दुसऱ्या दिवशी गोवा आला. किनाऱ्यावर उतरून तिचे पाय एकदा पाण्यात बुडवायचे, असा माझा बेत. पण उतरायची रांग तीन जिन्यांवरून खाली गेलेली. तासाभरात अक्काचा गुडघा भरून आला. "तू जाय, मी बसस," ती म्हणाली. तिला सोडून कसा जाणार? आम्ही दोघंही परत वर आलो. समुद्रावर तीन दिवस राहून अक्काचे पाय कोरडेच राहिले.

त्या दुपारी सातव्या मजल्यावर, जरा निवांत कोपऱ्यात, तिला एक सोबतीण मिळाली. नवसारीकडच्या गुजराती बाई, साठीच्या, हातात जपमाळ. आमच्या खानदेशीत गुजरातीचा बराच अंश असल्याने दोघींचं झटक्यात जमलं. मी चहा आणायला गेलो होतो. परत आलो तेव्हा त्या बाई गेल्या वर्षीच्या सहलीविषयी सांगत होत्या. त्याच लहान जहाजाची सहल.

"तापीमाताना मुख आगळ बोट धीमी पडे, बधा नाळियेर पधरावे," त्या म्हणाल्या. (तापीमाईच्या मुखापाशी बोट हळू होते, सगळे नारळ सोडतात.) "पाणी तो हाथ लंबावो एटले अडे." (पाणी तर हात लांबवला की लागतं.)

अक्काचा चेहरा मी बाजूने पाहिला. ती म्हणाली, "मन्हा मालकले आम्ही रामेसरले सोडं. जठे गिरणा तापीले मिळस तठे. ते पानी जठे जास, तठे माले एक डाव उभं ऱ्हावानं व्हतं." (माझ्या मालकांना आम्ही रामेश्वरला सोडलं, गिरणा तापीला मिळते तिथे. ते पाणी जिथे जातं, तिथे मला एकदा उभं राहायचं होतं.)

चहाचे कप हातात धरून मी तिथेच थांबलो. त्या दिवशी रामेश्वरच्या संगमावर कलश मीच धरला होता. अस्थी पाण्यात सोडताना अक्काच्या हाताला मी खालून आधार दिला होता. गिरणा तापीला मिळते, तापी हजिऱ्याजवळ समुद्राला. हा नकाशा मी झोपेतसुद्धा काढला असता. आणि जळगावच्या त्या टेबलावर ती त्याच नकाशावर डोळे लावून बसलेली असताना मी त्या जहाजाला जुनं धूड म्हणून हसत होतो.

त्या बाई उठून गेल्यावर मी तिच्याजवळ बसलो. "अक्का, मंग माले सांगं का नही तू?" (मग मला सांगितलं का नाहीस?)

"तू कितला हरीखमा व्हता," ती म्हणाली. (तू किती आनंदात होतास.) "मन्हा भाऊ माले जहाजमा लई जाई ऱ्हायना, आनखी काय जोयजे?" (माझा भाऊ मला जहाजातून घेऊन जातोय, आणखी काय पाहिजे?)

चहा निवून गेला.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी जळगावच्या त्या बाईंकडे गेलो. अक्काला लहान जहाजातून न्यायचं, आत्ताच्या आत्ता, असं ठरवूनच. बाईंनी फोन लावला, थोडं बोलल्या आणि मान हलवली. "काका, ते जहाज काढून टाकलं म्हणे. फार जुनं झालं होतं. त्या मार्गावर आता दुसरं काही नाही."

मी अक्काला म्हटलं, आपण रेल्वेने सुरतेला जाऊ, किनाऱ्यावरून बघू. ती म्हणाली, गुडघ्याचं बघू दे आधी. पुढच्या महिन्यात विचारलं, तर म्हणाली, "काठवरथीन काय दिखी, भाऊ? ऱ्हाऊ दे." (काठावरून काय दिसणार? राहू दे.) मी अजून अधूनमधून विचारतो. ती विषय बदलते. कापसाला भाव काय, तुझं रक्तदाबाचं औषध चालू आहे का.

मागच्या आठवड्यात भडगावला गेलो होतो. ओट्यावर शेजारच्या चार-पाच बाया जमल्या होत्या. जहाजाची हकीकत त्यांना नव्याने ऐकायची होती. मी खाटेवर बसून ऐकत होतो. अक्का सांगत होती, दिव्यांची कशी रोषणाई होती, लिफ्ट कशी आपोआप उघडायची, जेवायला शंभर पदार्थ कसे मांडलेले. बिनखिडकीच्या खोलीबद्दल एक शब्द नाही. हरवल्याबद्दल नाही, गुडघ्याबद्दल नाही.

"आनि समुद्र, अक्का?" एकीने विचारलं. "समुद्र कसा शे?"

अक्का माझ्याकडे वळून हसली. "बठ्ठा दखाडा मन्हा भाऊनी," ती म्हणाली. (सगळा दाखवला माझ्या भावाने.)

सगळ्या बायांनी कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, संकोचलो.