घरच्या पाण्यातली पटकी

“कॉलराच वाटतोय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “स्टूल कल्चरचा रिपोर्ट यायला वेळ लागेल. आपण त्यासाठी थांबायचं नाही.” स्टूल कल्चर म्हणजे शौचात कोणता जंतू वाढतो ते पाहणं. माझ्या मनात आलं, छे, पटकी तर आजीच्या गोष्टींतली. मुलुंडच्या टाइल्सवाल्या स्वयंपाकघरात ती कशाला येईल?

सकाळपासून ह्यांना जुलाब होत होते आणि मी लिंबूपाणी देत घरीच बसले होते. डॉक्टर ज्याला राइस वॉटर स्टूल म्हणतात, म्हणजे भाताच्या पेजेसारखं पांढुरकं पाणी, तेच ते होतं. मला कुठे ठाऊक? संध्याकाळी पायांत गोळे आले, आवाज बसला, बोटं धुणं धुतल्यासारखी सुरकुतली. तेव्हा कुठे रिक्षा बोलावली.

दोन्ही हातांना सलाइन लागलं. क्रिएटिनिन वाढलेलं होतं. मूत्रपिंडं काम करतात की नाही हे या रक्ततपासणीवरून कळतं. “अंगातलं पाणी इतकं गेलंय की किडनी बंद पडू शकते. लघवी झाली की लगेच सांगा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी घाबरले होते. नको नको ते मनात येऊन गेलं. लग्नाच्या इतक्या वर्षांत ह्यांच्या बढतीचीसुद्धा मी अशी वाट पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी एकदाची लघवी झाली. नर्स म्हणाली, “काका, झकास!” आणि मला रडू फुटलं.

भेटायला येणारा प्रत्येक जण विचारी, “बाहेरचं काय खाल्लं?” काहीच नाही. आमचे हे ऑफिसला घरची पाण्याची बाटली नेतात, लग्नालासुद्धा नेतात. सगळे हसतात, हे ऐकत नाहीत.

रिपोर्ट कॉलराचाच आला. मग पालिकेची माणसं आमच्या इमारतीत आली आणि कोडं सुटलं. पाण्याला दाब कमी, म्हणून घरोघरी थेट लाइनला मोटर लावलेली. पाइप गटारातून गेलेला, गंजून भोक पडलेला. आठवडाभराच्या पावसाने गटार तुंबलेलं. मोटर पाणी ओढते तेव्हा त्या भोकातून गटारही ओढते. पाणी दिसायला स्वच्छ, म्हणून मी उकळत नव्हते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हा जंतू खाडीच्या पाण्यात एरवीही असतो. उकाड्यात वाढतो. एकाच्या पोटात गेला की शौचावाटे गटारात, तिथून दुसऱ्याच्या नळात. तो रस्ता आपणच करून देतो.”

ह्यांना घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या मजल्यावरच्या नीलेशकडून मोटरची घरघर ऐकू आली. मी तरातरा खाली गेले. “नीलेश, बंद कर ती मोटर!”

“काकी, प्रेशरच नाही ना! पाइप दुरुस्त होईपर्यंत आंघोळ नको करू काय?”

मी तोंड उघडणार तेवढ्यात त्याच्या बायकोच्या मांडीवरची त्यांची लेक दिसली. मान टाकून पडलेली.

“हिला काय झालं गं?”

“काही नाही काकी. दात येतायत, म्हणून जुलाब होतायत. आई म्हणाल्या, होतातच.”

पोरीचे डोळे खोल गेले होते. ती बारीक आवाजात रडत होती, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. वॉर्डात असे डोळे मी पाहिले होते. “कसले दात?” मी ओरडलेच. “ऊठ, चल आधी.” वर पळत जाऊन ह्यांच्यासाठी उकळलेल्या पाण्यात केलेल्या ओआरएसचं, म्हणजे मीठ-साखरेच्या पावडरीच्या पाण्याचं, भांडं आणलं. रिक्षात मी चमच्याने पाजत होते. नीलेश रिक्षावाल्याला घाई करत होता. मोटरचा विषय मी काढला नाही.

डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं. “वेळेत आणलंत,” त्या म्हणाल्या. ह्यांच्या वेळी त्या असं म्हणाल्या नव्हत्या. त्यांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

तुमच्याकडे कुणाला पाण्यासारखे जुलाब होत असतील तर कारणं शोधत बसू नका. ओआरएस पाजत पाजत दवाखाना गाठा. आणि पाणी उकळा, कितीही नितळ दिसलं तरी.

नीलेशने मोटर काढली. आता नळाची धार करंगळीएवढी येते, भांडं भरेपर्यंत उभं राहावं लागतं. त्याची लेक हल्ली आमच्या घरभर रांगते. पहिला दात तिला परवा आला.