बसून राहिलेलं कुत्रं

कुत्र्याच्या लाळेचा वास एकदा घरात शिरला की तो फिनाइलला दाद देत नाही. हे मी अनुभवाने सांगते. फ्रीगंजातल्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर मी राहते आणि खाली माझ्या मोठ्या जाऊबाई, विजयाताई. त्यांच्याइतकी प्रत्येक गोष्टीची किळस करणारी बाई अख्ख्या उज्जैनमध्ये दुसरी नसेल. बाजारातून भाजी आली की भाजी मिठाच्या पाण्यात जाते, पिशवी दोरीवर जाते आणि भाजी आणणारे आमचे भय्यासाहेब, म्हणजे ताईंचे यजमान, मुकाट्याने न्हाणीघरात जातात. अशा बाईच्या गळ्यात गब्बू पडला.

गब्बू म्हणजे ताईंच्या गौरीचा लॅब्रडॉर. गौरी इंदूरला दिलेली, पहिलटकरीण. बाळंतपणाला माहेरी यायचं ठरलेलं. पण सातवा लागला तसं तिच्या सासूबाईंनी जाहीर केलं, की कुत्र्याचे केस आता या घरात चालणार नाहीत. मग जावईबापू अनिकेत आले आणि कुत्रं नि जाळीचा एक मोठा पिंजरा ताईंच्या अंगणात उतरवून गेले. गौरीची सुट्टी सुरू व्हायची होती, म्हणून ती मागाहून येणार होती. तिने फोनवर एकच अट घातली.

"आई, बाळ आल्यावर तो रात्री मोकळा नको आणि साखळीला बांधलेला पण नको. पिंजऱ्यात झोपायची सवय लाव. लागली तर मी येते. नाही लागली तर त्याला इथेच परत आणावं लागेल, आणि सासूबाईंच्या तावडीत त्याला टाकून मी नाही येणार."

ताईंना कुत्र्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना मुलगी हवी होती. लेकीचं पहिलं बाळंतपण आपल्या हातून व्हावं म्हणून त्यांनी डिंक, अळीव, बाळंतशोपा केव्हाच भरून ठेवल्या होत्या. त्या डब्यांकडे बघत त्या म्हणाल्या, "लावते सवय. मरू दे."

आल्या दिवशीच त्या ध्यानाने पिण्याच्या पाण्याच्या माठाशी पाय वर केला. माठ गेला. दुसऱ्या दिवशी गल्लीतून काहीतरी सडकं खाऊन आलं आणि तुळशीपुढे ओकलं. ते काय होतं हे भय्यासाहेब काडीने ढोसून बघायला लागले, तेव्हा मी वर जाऊन दार लावून घेतलं. जेवण पिंजऱ्यात ठेवायचं, म्हणजे त्याला तिथं बरं वाटतं, असं गौरीने सांगितलं होतं. ते कुत्र्याचे दाणे! सुकटीसारखा वास, आणि हे शुद्ध शाकाहारी घर. ताई नाकाला पदर लावून ते चिमट्याने वाढायच्या आणि चिमटा राखेने घासायच्या.

पण कहर पुढेच होता. पिंजऱ्यात माणसाचं अंगावरचं कापड ठेवायचं. वापरलेलं, न धुतलेलं. त्या वासाने म्हणे कुत्र्याला धीर येतो.

"न धुतलेलं?" ताईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "माझं?"

"मग काय शेजाऱ्यांचं मागून आणतेस?" भय्यासाहेब म्हणाले.

दिवसभर नेसलेली सुती साडी ताईंनी दोन बोटांत धरून पिंजऱ्यात टाकली. आपल्याच अंगाचा वास चारचौघांत उघडा पडल्यासारखी लाज आणि शिसारी त्यांच्या तोंडावर होती. गब्बूने साडीत तोंड खुपसलं, चाटून चाटून ती ओलीचिंब केली. ताईंना जेवण गेलं नाही.

एवढं करूनही तो झोपेना. ताई पिंजऱ्याशेजारी खाट टाकून निजायच्या. तो जरा घुटमळला, कुंई केलं, की यांचं सुरू, "बस! बस झालं! बस कर आता!" आवाज लगेच बंद व्हायचा. पण सकाळी बघावं तर गब्बू पिंजऱ्यात ताठ बसलेला. डोळे लाल, मान लटकलेली, पुढ्यात लाळेचं थारोळं. मग दिवसभर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मेल्यासारखा पडायचा आणि संध्याकाळी पिंजरा दिसला की खाटेखाली घुसायचा. ताईंचेही डोळे लाल झाले होते.

"जिद्दी आहे," त्या म्हणायच्या. "मला छळून राहिलाय. रात्रभर टक लावून बघतो मेला."

खरं तर आम्हाला दिसायला हवं होतं. दूधवाल्याला ताईंनी "बस भैया" म्हटलं की हे महाशय दारातच बैठक मारायचे. आम्हाला वाटायचं, दुधावर डोळा आहे. भय्यासाहेबांनी ताटावर हात आडवा धरून "बस, बस" केलं की ते पाटाशेजारी येऊन बसायचे. आम्ही म्हणायचो, काय हावरट जात आहे.

शेवटी ताईंनी हार मानली. संध्याकाळी गौरीला व्हिडिओ कॉल लावला आणि म्हणाल्या, "बेटा, घेऊन जा याला. माझ्याच्याने नाही होत." मागे गब्बू पिंजऱ्यात कुंईकुंई करत होता. ताई फोन हातात धरूनच खेकसल्या, "ए, बस!" तो उठून बसला.

गौरी आधी हसली. मग हसता हसता रडायला लागली.

"अगं आई, मी त्याला मराठीत शिकवलंय! बस म्हटलं की बसायचं. झोप म्हटलं की आडवं व्हायचं. तू त्याला रात्रभर बसवून ठेवतेयस गं. तो तुझं ऐकतोय!"

ताईंचा सगळा जन्म उज्जैनमध्ये गेलेला. आमच्या तोंडातलं 'बस' हिंदीतलं, पुरे झालं म्हणून सांगणारं. ताईंचे नाशिकचे भाऊ सुधाकरराव दर दिवाळीत या बोलण्याची टिंगल करायचे, पण ताईंनी एक शब्द बदलला नव्हता. त्या दिवसापासून घरात 'पुरे' सुरू झालं. दूधवाला बिचारा 'पुरे भैया' ऐकून पातेलं ओतू जाईपर्यंत दूध ओतत राहिला.

आणि गब्बू? ताईंनी पिंजऱ्यापुढे उभं राहून, तोंड वाकडं करूनच, म्हटलं, "झोप." तो त्या घाणेरड्या साडीवर धपकन आडवा झाला आणि घोरायला लागला. ताईंनी जाळीतून वाकून बघितलं. "बिचारा," एवढंच म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

सवय लागली. गौरीची खोली सारवल्यासारखी लख्ख झाली. आणि ती यायच्या आदल्या दिवशी विहीणबाईंचा फोन आला; ताईंनी तो स्पीकरवर घेतला.

"विजयाताई, मी म्हणते, गौरीला इथेच राहू द्या. तुमच्याकडे आता कुत्रं असतं ना. लाळ, केस... बाळंतिणीला अशा घरात कसं पाठवायचं?"

मला इतकी शिसारी ना त्या लाळेची आली होती, ना त्या ओकारीची. स्वतःच्या घरातली घाण दुसऱ्याच्या दारात टाकायची आणि वर नाक मुरडायचं! मी फोन हिसकावणारच होते.

ताई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्याकडून आला तेव्हा त्याला लाळ नव्हती का? मुलगी उद्या पाठवा. शंका असेल तर सोबत या आणि बघून जा."

आल्या त्या. गौरीच्या मागोमाग, नाकाला रुमाल लावून, चपला घालून सरळ बैठकीत निघाल्या. गौरीला जवळ घेतलेल्या ताईंनी तिच्या खांद्यावरूनच त्यांना थांबवलं.

"विहीणबाई, चपला बाहेर. आणि नळावर पाय धुऊन या. आमच्याकडे कुत्रंसुद्धा पाय धुतल्याशिवाय आत येत नाही."